अंक ग्रुपवर टाकलाय म्हणे!



मागच्या वेळी कच्च्या केळ्याच्या पावभाजीची कृती देते म्हणाले होते. ती पुढच्या वेळी नक्की देईन. आज मला भांडायचं आहे, आणि तेही आपल्याच माणसांशी, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आमच्या गावातल्या मंडळाचा एक मासिक अंक निघतो. म्हणजे निघायचा. १९८४ सालापासून, चोवीस पानांचा, साध्या कागदावर. त्यात काय असायचं? महिन्याच्या अष्टमी-चतुर्दशी, कुठल्या मुनिसंघाचा विहार कुठे चाललाय, चातुर्मासाची यादी, एखादा प्रवचनाचा सारांश, कुणाची मुलगी डॉक्टर झाली, कुणाचं समाधिमरण झालं, दोन पानं स्थळांची, आणि शेवटी वाचकांची पत्रं. साहित्य म्हणून फार मोठं काही नाही, पण महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो आला नाही तर घरात चुकल्यासारखं व्हायचं.

यंदा एका सभेत ठराव झाला की छापील अंक बंद, आता एक तारखेला अंकाची पीडीएफ ग्रुपवर येईल. मी त्या सभेला नव्हते, आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणी नव्हत्या. मला कळलं ते सासूबाईंमुळे. त्यांना घरात सगळे अक्का म्हणतात. वय ८१, शिक्षण चौथी. दुपारी भांडी आवरली की त्या भिंग घेऊन खिडकीशी बसतात, आणि शेजारच्या दोन काकू येतात. अक्का मोठ्यानं वाचतात, त्या दोघी ऐकतात, मध्येच थांबवून विचारतात, वाद घालतात. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी हे बघत आलेय.

त्या दिवशी अक्का म्हणाल्या, "या महिन्याचा अंक आला नाही का गं?"

मी म्हटलं, "आलाय अक्का. ग्रुपवर टाकलाय म्हणे."

"ग्रुपवर म्हणजे कुठं?"

या प्रश्नाचं मला खरंच उत्तर देता आलं नाही. मी माझा फोन त्यांच्या हातात दिला. अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जायची, ओळ आत आणली की अक्षर बारीक व्हायचं. बोट जरा लागलं की पान उडायचं. मध्येच गॅसवाल्याचा फोन आला. शेजारच्या काकू एक दिवस आल्या, दुसऱ्या दिवशी आल्या. तिसऱ्या दिवशी अक्कांनी फोन परत दिला आणि म्हणाल्या, "राहू दे. तुझं काम खोळंबतं."

एवढंच झालं. कुणी ओरडलं नाही, कुणी रडलं नाही. तीन बायकांचा रोजचा स्वाध्याय मात्र बंद झाला. मंडळाच्या ठरावात याची कुठेही नोंद नाही.

मी मंडळातल्या एका वडीलधाऱ्या काकांना भेटून विचारलं. त्यांनी शांतपणे चार कारणं सांगितली. माणूस सज्जन आहे, म्हणून मीही शांतपणे ऐकून घेतलं. पण घरी आल्यावर ती कारणं डोक्यातून जाईनात. हीच कारणं तुमच्याही गावात कुणीतरी देणार आहे किंवा देऊन झाली आहेत. म्हणून एकेक घेते.

पहिलं कारण अहिंसेचं. कागदासाठी झाडं तोडली जातात, आपण एकेंद्रिय जीवाचाही विचार करणारी माणसं, मग कागद कशाला? ऐकायला अगदी पटतं. पण मला सांगा, गेल्या पंचकल्याणक पूजेची निमंत्रणपत्रिका आठवते का? आठ पानी, गुळगुळीत जाड कागद, सोनेरी छपाई, वर पेटी, पेटीत सुका मेवा. तेव्हा झाडं कुणालाच आठवली नाहीत. गावभर लावलेले फ्लेक्स तर प्लास्टिकचे, त्यांचा विचारही नाही. झाडांची दया नेमकी चोवीस पानांच्या साध्या अंकाच्या वेळीच का येते?

आणि फोन काय आकाशातून पडतो? त्याच्यातलं लिथियम, कोबाल्ट जमीन खणूनच काढतात. पीडीएफ ज्या मोठमोठ्या यंत्रांवर साठवलेली असते ती रात्रंदिवस वीज खातात, त्यांना थंड ठेवायला पाणी लागतं. आपल्या देशातली बहुतेक वीज अजून कोळशापासून होते. उलट आपल्याकडच्या गिरण्यांचा वर्तमानपत्री कागद बराचसा रद्दीपासूनच बनतो. कागदात हिंसा नाही असं मी म्हणत नाही. दिवा लावण्यातही हिंसा आहे, म्हणून तर आपण यत्नाचार शिकतो. पण दिसणारी हिंसा टाळली आणि न दिसणारी मोजलीच नाही, तर तो हिशेब अर्धवट राहतो.

दुसरं कारण अविनयाचं. छापलेल्या कागदावर भगवंतांचं चित्र असतं, मुनी महाराजांचा फोटो असतं, णमोकार मंत्र असतो, आणि तो कागद शेवटी रद्दीत जातो, भज्यांच्या पुडीत जातो. हे कारण खरं आहे. मलाही ते टोचतं. पण मग त्यावर उपाय काय? चित्र कमी छापा, मंत्र छापू नका, अंक परत गोळा करा. घरात शास्त्राला वेष्टन घालायला आपल्याला जमतं ना, मग हेही जमेल.

आणि अविनयाचंच म्हणाल तर फोनचं काय? सकाळी उठल्या उठल्या तोंडही न धुता ज्याच्यावर भगवंतांची चित्रं आपण ढकलतो, जो घेऊन मंडळी न्हाणीघरात आणि आणखी कुठे कुठे जातात, त्याच फोनवर खाली णमोकार आणि वर कुठल्यातरी हॉटेलची मटणाची जाहिरात. रात्री जागा भरली म्हणून एका झटक्यात शंभर तीर्थंकर आपण पुसून टाकतो. हा विनय झाला का? निदान रद्दीवाल्याकडे देताना हात थबकतो तरी. फोनवर पुसताना कुणाचा हात थबकतो ते मला दाखवा.

तिसरं कारण पैशाचं, आणि इथे मात्र मी काकांच्या बाजूनं थोडी आहे. आमच्या अंकाच्या सहाशे प्रती निघायच्या. छपाई आणि टपाल धरून एका प्रतीला वीस रुपयांच्या आसपास खर्च, म्हणजे महिन्याला बारा हजार. आणि वर्गणी? बहुतेक घरांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी २५१ रुपये भरून आजीव सभासदत्व घेतलेलं. आमच्याही घरानं तेच केलंय. २५१ रुपयांत आपण जन्मभराचं वाचन विकत घेतलं आणि वर विचारतो, अंक पातळ का झाला!

मोठ्या वर्तमानपत्रांचंही हेच दुखणं आहे. पेपरची जी किंमत आपण देतो त्यात तो छापून दारात येण्याचा खर्चसुद्धा निघत नाही. बाकीचा भार जाहिराती उचलायच्या, आणि त्या जाहिराती आता फोनवर गेल्या. वर्तमानपत्री कागद आपण मोठ्या प्रमाणात बाहेरच्या देशांतून आणतो. २०१९ च्या अर्थसंकल्पात त्यावर दहा टक्के आयातशुल्क लागलं, पुढच्या वर्षी ते पाच टक्क्यांवर आलं. लगेच २०२० चा मार्च उजाडला. मुंबईत काही दिवस पेपर छापलेच गेले नाहीत. एप्रिलमध्ये तर राज्यात घरोघरी पेपर टाकण्यावर बंदी आली. ती लवकरच शिथिल झाली, पण तोवर आपण घाबरून पेपर बंद केला होता. कोरोना गेला. दूध परत सुरू झालं, कामवाली मावशी परत आली, पेपर मात्र पुष्कळ घरांत परत आला नाही. तेवढेच दोनशे रुपये वाचले म्हणून आपण खूश.

पण वाचायचं थांबलो का? नाही. पेपर ग्रुपवर येऊ लागला. सकाळी सहाला सगळ्या पेपरांच्या पीडीएफ फुकट. आता मला एक सांगा. दशलक्षण पर्वात सातव्या दिवशी आपण तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय ऐकतो. त्यात अचौर्य अणुव्रताचे अतिचार येतात. त्यातला एक आहे तदाहृतादान. म्हणजे चोरी आपण केली नाही, पण चोरून आणलेली वस्तू आपण घेतली. ज्या वर्तमानपत्राला वाचकाकडून पैसे हवेत त्याची प्रत कुणीतरी पैसे न देता काढतो, ग्रुपवर टाकतो, आणि आपण चहा पिता पिता ती उघडतो. याला दुसरं कुठलं नाव आहे? मे २०२० मध्ये एका मोठ्या हिंदी दैनिकाला यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं आणि न्यायालयानं टेलिग्रामला असे चॅनेल बंद करायला सांगितलं. न्यायालयात जाण्याची वेळ येईपर्यंत आपल्याला ते वाईट वाटलं नव्हतं. भाजीवालीकडून एक जुडी जास्त आली तर परत करणाऱ्या बायका आपण!

चौथं कारण काकांनी जरा हसून सांगितलं, "अहो वहिनी, आता वाचतंय कोण?" या कारणाचा मला सगळ्यात जास्त राग आला. कारण 'कोण' मध्ये अक्का नव्हत्या, शेजारच्या काकू नव्हत्या. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही, ज्यांना ग्रुपमध्ये घेतलेलंच नाही, त्या मोजदादीतच नव्हत्या. पीडीएफ किती जणांनी उघडली हे तरी मंडळानं मोजलंय का? मी आमच्या महिला मंडळात विचारलं. बावीस जणींपैकी चौघींनी उघडली होती. त्यातल्या तिघींनी फक्त स्वतःच्या घरातलं कुणाचं नाव आलंय का ते पाहून बंद केली. चौथी मी.

वाचणं आणि बघणं यात फरक आहे, हे आपल्याला नव्यानं कुणी शिकवायला नको. २०१८ साली काही परदेशी अभ्यासकांनी ५४ निरनिराळे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा माहितीपर मजकूर पडद्यापेक्षा कागदावर वाचलेला जास्त समजतो असं निघालं. आपल्याकडे तर स्वाध्यायाचे पाचच प्रकार सांगितलेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचायचं, न कळलेलं विचारायचं, त्यावर मनात चिंतन करायचं, घोकायचं, मग दुसऱ्याला सांगायचं. फॉरवर्डमध्ये आपण काय करतो? पहिल्या चारही पायऱ्या सोडतो आणि थेट पाचवीवर उडी मारतो. न वाचता, न विचारता उपदेश!

आणि तो उपदेश कुणाचा असतो? छापील अंकाच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते. मुद्रक अमुक, प्रकाशक तमुक, संपादक अमुक, कुठे छापलं त्याचा पत्ता. आपण ती कधी वाचत नाही. १८६७ च्या कायद्यानं ती सक्तीची झाली. इंग्रजांनी ती स्वतःच्या सोयीसाठी केली असेल, पण तिचा उपयोग आपल्याला झाला. खोटं छापलं तर कुणाच्या दारात जायचं ते कळतं. आमच्या अंकात एकदा एका आजींच्या निधनाची बातमी चुकून त्यांच्या जिवंत जाऊबाईंच्या नावानं छापली गेली होती. त्या जाऊबाई स्वतः काठी टेकत संपादकांच्या घरी गेल्या. पुढच्या अंकात पहिल्या पानावर चौकटीत दिलगिरी आली.

आता ग्रुपवर एखादा निरोप येतो. अमक्या महाराजांनी असं सांगितलं, तमक्या भाजीत जनावर निघालं, अमक्या औषधानं मधुमेह जातो. कुणाच्या घरी काठी टेकत जायचं? पाठवणारी म्हणते मला आला तसा पुढे पाठवला. सत्य अणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आहे, खोटा लेख करणं. ज्या काळी लेखणी फार थोड्यांच्या हातात होती त्या काळी आचार्यांनी ते सांगून ठेवलं. आज तर प्रत्येकीच्या हातात लेखणी आहे. वर्तमानपत्रं धुतल्या तांदळासारखी आहेत असं मुळीच नाही. पहिलं पान उघडलं की पूर्ण पान जाहिरात, पैसे घेऊन बातम्या, खोट्या बातम्यासुद्धा. पण त्यांच्याशी भांडायला पत्ता आहे, एवढंच म्हणते.

इथवर लिहून मी थांबले असते. पण पुढे जे झालं त्यासाठी हा लेख लिहायला बसले.

अंक बंद झाल्यावर मंडळाच्या कार्यालयातलं एक कपाट रिकामं करायचं ठरलं. त्यात सगळ्या वर्षांच्या बांधलेल्या फाइली होत्या. चौदा रुपये किलोनं त्या रद्दीत द्यायचं ठरलं. मला हे समजलं तेव्हा अर्ध्या गेल्या होत्या. मी रिक्षा करून गेले, उरलेल्या तिथून उचलल्या, आणि तशीच रद्दीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "वहिनी, तो माल कालच गिरणीला गेला." १९८४ ते १९९६ अशी तेरा वर्षं गेली. १९९७ पासूनची वर्षं आता आमच्या माळ्यावर आहेत.

१९८८ च्या फाइलीत माझ्या आईचं एक पत्र होतं. आई सातवी शिकलेली. आमच्या गावात तेव्हा मुलींना कॉलेजसाठी सांगलीला वसतिगृहात ठेवावं की नाही यावरून वाद चालला होता, आणि आईनं अंकाला पत्र लिहिलं होतं की ठेवावं. दहा-बारा ओळी असतील. तिचं नाव आणि गाव खाली छापून आलं होतं. वडिलांना ते आधी माहीतही नव्हतं. आई आयुष्यात एकदाच छापून आली. मी कॉलेजला गेले ती त्या पत्रानंतर. घरी होता तो अंक केव्हाच गहाळ झाला होता, पण मंडळाच्या कपाटात आहे म्हणून मी निर्धास्त होते. कधीतरी जाऊन झेरॉक्स काढू, असं वीस वर्षं म्हणत राहिले. त्यामुळे दोष मंडळाइतकाच माझाही आहे.

त्या फाइलींत अशा किती जणींची पत्रं असतील? आपल्या आज्या, आया कुठे छापून आल्या? आपल्या बायकांना लिहितं केलं ते मासिकांनीच. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी 'जैन बोधक' काढला तो एकोणिसाव्या शतकात. पंडिता चंदाबाईंनी 'जैन महिलादर्श' वर्षानुवर्षं चालवला, बाईनं बायकांसाठी. आमच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये 'किर्लोस्कर' आणि १९३० मध्ये 'स्त्री' सुरू झालं. विद्या बाळांनी १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' काढलं. एखाद्या खेड्यातली बाई पोस्टकार्ड लिहायची आणि दोन महिन्यांनी तिचं नाव छापून यायचं. तो कागद घरात कुणीतरी जपून ठेवायचं. ग्रुपवर लिहिलेलं संध्याकाळपर्यंत वर सरकून नाहीसं होतं.

आणि जपणुकीचं तर आपल्याला कुणी सांगायची गरजच नाही. दरवर्षी ज्येष्ठ शुद्ध पंचमीला आपण श्रुतपंचमी करतो. कशासाठी? ज्ञान फक्त स्मरणात उरलं आणि तेही लोपत चाललं, म्हणून धरसेन आचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोघांना ते दिलं, आणि त्यांनी षट्खंडागम लिहून ठेवला. पुढे त्याच्या टीकेची, धवलेची, ताडपत्रं शेकडो वर्षं मूडबिद्रीच्या भांडारात राहिली. यात्रेकरूंना त्यांचं दर्शन मिळायचं, वाचायला मिळायचं नाही. पानं जीर्ण होत होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुन्हा शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी खटपट करून नक्कल सुरू करवली. नक्कल करणाऱ्यांत गजपती उपाध्ये होते. त्यांनी गुपचूप आणखी एक प्रत केली, आणि त्या कामात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची मदत होती. त्या चोरून केलेल्या प्रतीमुळे ग्रंथ भांडाराबाहेर आला, आणि अखेर डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून अमरावतीहून सोळा खंडांत छापला गेला.

तेव्हाही आपल्या समाजात छापखान्याला कडाडून विरोध झाला होता. शास्त्र छापणं म्हणजे अविनय, असंच म्हणत होते. ते लोक वाईट नव्हते. पण त्यांचं ऐकलं असतं तर आज माझ्यासारखीला धवला डोळ्यांनी दिसली नसती. गुपचूप का होईना दुसरी प्रत करणारी लक्ष्मीबाई आपली पूर्वज, आणि आपण होत्या त्या प्रती चौदा रुपये किलोनं विकल्या. पुढच्या श्रुतपंचमीला कुठल्या तोंडानं शास्त्राची पालखी काढायची?

कुणी म्हणेल, तू स्वतः फोनवर लिहितेस आणि फोनला नावं ठेवतेस. बरोबर आहे. हा लेख तुम्ही पडद्यावरच वाचताय. अमेरिकेतल्या माझ्या भाचीला तो त्याच मिनिटाला मिळतो, छापील अंक तिला कधीच मिळाला नसता. जुन्या हस्तलिखितांची छायाचित्रं काढून ती सगळ्यांना खुली केली तर मी नमस्कार करीन. माझं म्हणणं एवढंच आहे की नवीन आलं म्हणून जुनं आधी सांभाळल्याशिवाय टाकू नका. मागच्या वर्षी माझा फोन बिघडला तेव्हा ग्रुपवर आलेल्या सगळ्या फायली गेल्या. उघडायला गेले तर ही फाइल आता उपलब्ध नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा मागा, असा निरोप. माळ्यावरच्या १९९७ च्या फाइलीला वाळवी लागली नाही तर ती माझ्या नातवालाही उघडता येईल. तिला पासवर्ड लागत नाही.

तर मैत्रिणींनो, आता नुसतं हळहळू नका. मी चार गोष्टी मागते.

एक. आपल्या गावचा, समाजाचा जो काही अंक येतो त्याची या वर्षाची वर्गणी या वर्षी भरा. आजीव सभासद असलात तरी भरा. एका साडीच्या फॉल-बीडिंगला जेवढे जातात तेवढेच जातील.

दोन. घरात एक तरी वर्तमानपत्र विकत घ्या. कागदावर घ्या किंवा फोनवर घ्या, पण विकत घ्या. ग्रुपवर आलेली फुकट पीडीएफ पुढे पाठवू नका. व्रत घेतलेलं असेल तर त्यात हे धरा.

तीन. तुमच्या मंडळात, मंदिरात, वाचनालयात जुन्या अंकांचं कपाट कुठे आहे ते याच आठवड्यात जाऊन बघा. कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे आहे ते विचारा. एक संच तिथेच, एक दुसऱ्या गावी, आणि एक नीट स्कॅन करून, अशा तीन जागी तो राहिला पाहिजे. हे होईपर्यंत एक पानही रद्दीत जाता कामा नये.

चार. अंक बंद करायचा असेल तर ठराव बायकांना विचारून करा. वाचतो कोण हे सभेत बसलेल्यांना माहीत नसतं. दुपारी खिडकीशी कोण बसतं ते आम्हाला माहीत असतं.

अक्कांचं काय झालं ते सांगते. मी पीडीएफ पेन ड्राइव्हवर घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. मोठ्या कागदावर अक्षर मोठं करून काढून घेतला. दोन रुपये पान, चोवीस पानांचे अठ्ठेचाळीस रुपये, मध्ये शिवून घेतला. अक्कांनी तो हातात घेतला, उलटा-पालटा केला आणि पहिलं विचारलं, "किती पडले?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "छापत होते तेव्हा वीस पडत होते ना?" चौथी शिकलेल्या बाईला कळलेला हा हिशेब मी मंडळाच्या पुढच्या सभेत मांडणार आहे.

शेजारच्या काकूंना कळलं, त्यांनी अठ्ठेचाळीस रुपये आणून दिले. मग आणखी कुणी. गेल्या महिन्यात अकरा प्रती काढल्या. छपाईपेक्षा दुपटीनं महाग पडतंय, आणि हे असं कायमचं चालणार नाही हे मलाही कळतंय. पण अकरा घरांतून दुपारी पुन्हा वाचल्याचा आवाज येतोय. सभेला जाताना त्या अकरा जणींच्या सह्यांचा कागद माझ्याबरोबर असेल. तुमच्या गावातही असा कागद फिरवा, आणि किती सह्या झाल्या ते मला कळवा.

मंडळातल्या काकांचं मन या लेखानं दुखावलं असेल तर त्यांची क्षमा मागते. पण फाइली मी परत देणार नाही, कपाट मिळेपर्यंत.

जयजिनेंद्र.